निवडणुकीच्या आधीपासून

१० फेब्रुवारी २०१४, सोमवार

आज गावात जे काही बोललं गेलं ते ऐकून कान किटले. खरं काय ते कुठेतरी लिहून ठेवलेलं असावं, म्हणून ही वही.

डेल्मस टीग साहेब या कौंटीचे सरकारी वकील. वरून कुणी नेमलेले नव्हेत, लोकांनी मतं देऊन बसवलेले, तेही सलग आठव्यांदा. मी अठ्ठावीस वर्षं त्यांच्या ऑफिसात आहे. टायपिंग माझं, फायली माझ्या, फोन माझा, आणि त्यांच्या पत्नी नेल्डा गेल्यापासून "साहेब, जेवलात का?" हेही माझंच.

तर आज सकाळी नऊच्या ठोक्याला अंपारो लुहान दारात. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते ती. बरोबर कापसाच्या जिनचे मालक ऑर्व्हिल क्रॅट्झ, हातातली हॅट गोल गोल फिरवत. अंपारोचा मुलगा चेवो जुलैपासून तुरुंगात आहे, क्रॅट्झच्या आवारातून ट्रेलर चोरल्याच्या आरोपावरून. शनिवारी किराणा दुकानात क्रॅट्झनी तिला सहज विचारलं, पोरगा कसा आहे? ती म्हणाली, आत आहे. क्रॅट्झ चाटच पडले.

"अजून आत?" क्रॅट्झ माझ्या टेबलासमोर पुन्हा पुन्हा तेच म्हणत होते. "अहो, ट्रेलर माझ्या भाच्यानेच नेला होता, मला न सांगता. मी ऑगस्टातच पत्र दिलंय, तक्रार मागे घेतो म्हणून. डेल्मसला तोंडीही सांगितलं. तो म्हणाला, झालं समज."

साहेब उठले, अंपारोला स्वतः खुर्ची दिली, खिशातलं निळं कार्ड काढून बघितलं आणि विचारलं, "कंबर कशी आहे आता तुमची?"

ती कंबर मिसेस टिलरींची. त्या साडेनऊला येणार होत्या.

कार्डाचं असं आहे की रोज सकाळी मी ते साहेबांच्या शर्टाच्या खिशात ठेवते. कोण येणार, त्याला काय विचारायचं, कोर्टात उभं राहून काय म्हणायचं, सगळं त्यावर असतं. एवढ्या मोठ्या माणसाने असल्या बारीकसारीक गोष्टी डोक्यात का वागवाव्यात? पण अंपारो त्या कार्डाकडे आणि मग माझ्याकडे अशी बघत राहिली, की मी काही चोरलंच आहे.

चेवोला दुपारी सोडलं. सात महिन्यांनी पोरगा घरी आला, पण जाताना बाईच्या तोंडून आभाराचा एक शब्द निघाला नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

गुरुवारी कोर्टाच्या तळघरात डॉमिनोचा डाव असतो. शेरीफ बर्ल स्टॅगनर, पोस्टमास्तर, क्रॅट्झ आणि आमचे साहेब. आज क्रॅट्झ आले नाहीत, त्यांच्या जागी दुसरं कुणी बसलं. साहेब जिंकलेच. गावात कुजबुज चाललीय की त्यांचं डोकं चालत नाही. मग त्यांच्याशी एक डाव खेळून बघा म्हणावं. कुणी कोणता ठोकळा टाकला ते सगळं ध्यानात ठेवावं लागतं त्या खेळात.

क्रॅट्झच्या पत्राबद्दल एक गोष्ट इथे लिहून टाकते. ते मला ऑक्टोबरात साहेबांच्या खणात सापडलं होतं, सँडविचच्या कागदाखाली. मी ते टेबलावरच्या गठ्ठ्यात सगळ्यात तळाशी ठेवलं. वर ठेवलं असतं, तर आपण विसरलो हे त्यांच्या लक्षात आलं असतं आणि जिवाला लावून घेतलं असतं त्यांनी. तळाशी असेल तर आपसूक सापडेल, असा माझा विचार. गठ्ठा त्यांनी उपसलाच नाही, त्याला मी काय करणार?

२४ फेब्रुवारी, सोमवार

कोर्टाच्या कचेरीतून डॉटीचा फोन. "व्हर्लीन, बसली आहेस ना खुर्चीवर? नसलीस तर आधी बस."

अंपारोने अर्ज दिलाय. टीग साहेबांना पदावरून काढा म्हणून.

"अगं, मी दोनदा परत पाठवलं तिला," डॉटी म्हणाली. "एकदा शपथपत्र नीट नव्हतं, एकदा तारीख. तिसऱ्यांदा सगळं बरोबर घेऊन आली. घ्यावाच लागला."

इथला कायदाच असा आहे. सहा महिने कौंटीत राहिलेलं कुणीही उठतं आणि निवडून आलेल्या माणसावर अर्ज करतं. शाळेत पोरांना वाढणारी बाई आता साहेबांना खुर्चीवरून उठवणार! अर्ज साहेबांना दाखवला तर त्यांनी शांतपणे वाचला. म्हणाले, "शपथपत्र अगदी व्यवस्थित आहे."

३ मार्च, सोमवार

साहेबांच्या बाजूने रॉयस पिकार्ड उभा राहणार. पंचेचाळिशीचा आहे, बोलतो फार, पण वकील चांगला आहे म्हणतात. त्याने मला समोर बसवून सगळं समजावलं. सरकारी वकिलाला काढायचा खटला सरकारच्या वतीने तो स्वतःच कसा चालवणार? म्हणून शेजारच्या कौंटीच्या सरकारी वकील, गॅरिटी बाई, येणार. न्यायाधीशही बाहेरचा. आरोप एकच, काम करायला अक्षम. पैसे खाल्ले वगैरे काही नाही. निकाल बारा जणांची ज्यूरी देणार. तोपर्यंत खुर्ची साहेबांचीच.

जाताना त्याला साहेबांच्या खिशातलं कार्ड दिसलं. "हे काय?"

मी सांगितलं. जुनी कार्डं मी टाकत नाही, बुटांच्या खोक्यांत तारखेनुसार लावून ठेवते, हेही सांगितलं. माझ्या हातून गेलेल्या प्रत्येक कागदावर मी कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख घालते, ही सवय आईची.

"सगळी?" रॉयस म्हणाला. "पहिल्यापासून?"

त्याचा चेहरा का खुलला ते कळलं नाही.

२० मार्च, गुरुवार

साहेबांना लबक शहरातल्या डॉक्टरकडे नेलं. दोन तास गाडीत. डॉक्टर पोरसवदा, नातू शोभेल साहेबांचा. त्याने त्यांना घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं. साहेबांनी गोल छान काढला, आकडे मात्र सगळे उजव्या बाजूला दाटीने बसवले. चित्रकला त्यांना कधीच येत नव्हती, हे मी डॉक्टरला सांगितलं. तो हसला नाही. हा आजार आहे म्हणाला, मेंदूचा, आणि आजचा नाही, बऱ्याच दिवसांचा. आता उलटा फिरायचा नाही.

येताना साहेब खिडकीतून नांगरलेल्या रानांकडे बघत होते. मधेच म्हणाले, "नेल्डाला सांगू नकोस हं यातलं काही. घाबरेल उगीच."

"नाही सांगत," मी म्हटलं.

पेट्रोल पंपावर थांबून मी बाथरूममध्ये जाऊन रडले. तोंड धुतलं आणि त्यांच्यासाठी पीकन पाय या गोड पदार्थाचा तुकडा घेऊन आले. त्यांनी अर्धा मला दिला. इतकी वर्षं एकत्र काम केलं, पण एका डब्यातून कधी खाल्लं नव्हतं.

८ एप्रिल, मंगळवार

रॉयस आज नाचतच आला. हातात कायद्याचं पुस्तक, पानात बोट.

"व्हर्लीन, वाच. मोठ्याने वाच."

वाचलं. निवडून आलेल्या माणसाला आजारामुळे काम जमत नसेल तर काढता येतं, पण तो आजार निवडणुकीच्या वेळी नसला पाहिजे.

"म्हणजे?"

"म्हणजे आजार आधीपासून असेल, तर लोकांनी माणूस आहे तसा निवडला! मग या कलमाखाली त्याला हलवता येत नाही. निवडणूक नोव्हेंबर दोन हजार बाराची. त्याच्या आधीच डेल्मस... म्हणजे त्याची स्मरणशक्ती गेली होती, एवढं सिद्ध केलं की झालं."

"काहीतरीच काय! तेव्हा ते अगदी ठणठणीत होते."

"ठणठणीत होते असं तू शपथेवर सांगितलंस, तर आपण हरलो," रॉयस म्हणाला. "व्हर्लीन, पहिलं कार्ड कधीचं आहे?"

मी उठून कॉफी केली. त्याने कॉफी प्यायली आणि पुन्हा तेच विचारलं.

पहिलं कार्ड सात नोव्हेंबर दोन हजार अकराचं. निवडणुकीच्या वर्षभर आधीचं. त्यावर एवढंच आहे: "जज्जसाहेबांना वडिलांची खुशाली विचारू नये. ते वारले आहेत." पुढच्याच महिन्यात मी साहेबांचा उमेदवारी अर्ज भरला. जिथे बोट ठेवलं तिथे त्यांनी सही केली. समोर कुणी उभं राहिलंच नाही. कौंटीत वकील उरलेत किती?

झाकली मूठ मी अडीच वर्षं जिवापाड धरून ठेवली. आता त्यांची खुर्ची वाचवायची तर ती मीच भर कोर्टात उघडायची. रॉयस याला विजय म्हणतो.

९ एप्रिल, बुधवार

साहेबांनी आज माझी टोपणनावाने चौकशी केली. "लीनी आली का?" असं. मला लीनी कुणीच म्हणत नाही. बरं वाटलं, कुणाचं नाव आहे ते विचारलं नाही.

२७ एप्रिल, रविवार

चर्चहून येताना पेट्रोल भरायला थांबले तर पलीकडच्या पंपावर अंपारो. मी मान फिरवली, पण ती सरळ चालत आली.

"मॅडम, सतरा डिसेंबर आठवतो तुम्हाला?"

"काय झालं होतं?"

"चेवोचे वडील गेले होते. मी तुमच्याकडे आले होते. पोराला दोन तास सोडा, बापाला माती देऊन परत येईल, म्हणत होते. तुम्ही म्हणालात, साहेब महत्त्वाच्या कामात आहेत."

"असतील."

"आतलं दार उघडं होतं, मॅडम. साहेब बूट काढून कोचावर झोपले होते. अंगावर तुमची शाल होती."

मी नळी परत अडकवली. टाकी अर्धीच भरली होती.

"त्यांच्यावर माझा राग नाही," ती म्हणाली. "माझी आई अशीच गेली. शेवटी मला मावशी म्हणायची. आजारी माणसावर कोण रागावणार? पण तुम्ही तर चांगल्या धडधाकट आहात."

मी गाडीत बसून निघाले. वाटेत दहा चोख उत्तरं सुचली. गाडीत, जेवताना, भांडी घासताना मी तिला ती देत होते. एकही इथे लिहावंसं वाटत नाही.

१२ मे, सोमवार

खटल्याचा पहिला दिवस. कोर्टात उभं राहायला जागा नाही. साहेब राखाडी सुटात ताठ बसले होते. समोर पिवळं पॅड, हातात पेन्सिल, आणि सारखे काहीतरी टिपून घेत होते. मागून बघणाऱ्याला वाटावं की खटला तेच चालवताहेत.

गॅरिटी बाईंनी शेरीफला बोलावलं. ठेंगणी बाई, चपटे बूट, आवाज बारीक. डॉमिनोबद्दल विचारलं. मला आनंद झाला. म्हटलं, आता कळेल सगळ्यांना.

"दर गुरुवारी टीग साहेब जिंकतात, खरं?"

"हो, मॅडम."

"कसे?"

शेरीफने छताकडे बघितलं. "आम्ही जिंकू देतो."

"कधीपासून?"

"अडीच-तीन वर्षं झाली. ठोकळा कुठे लावायचा तेच त्याच्या लक्षात येत नाही. आम्ही तिघांनी ठरवलं, बोलायचं नाही. आमचा माणूस आहे तो."

"आणि याच काळात तो लोकांवर खटले भरत होता. लोकांना तुरुंगात ठेवत होता."

"कागद तर नीट यायचे, मॅडम," शेरीफ म्हणाला. "कागदात कधीच चूक नसायची."

कागद मीच टाइप करत होते. सह्यांचा रबरी शिक्काही माझ्याच खणात. मला वाटत होतं एवढं मी एकटीच सांभाळतेय. आणि इकडे शेरीफ सांभाळत होता, पोस्टमास्तर सांभाळत होता, कुणी कुणाला सांगत नव्हतं. मला इतका राग आला! मला निदान सांगायचं तरी.

१३ मे, मंगळवार

माझी साक्ष.

रॉयसने बुटांची सहा खोकी ज्यूरीपुढे मांडली आणि मला पहिलं कार्ड वाचायला लावलं. मी वाचलं. मग दुसरं, मग विसावं. "लिफ्ट नाही, जिना." "मिस्टर डॉयल हे मिस्टर डॉयलच आहेत." "दुपारी जेवण झालेलं आहे." लोक खाली माना घालून बसले होते. साहेब मात्र माझ्याकडे लक्ष देऊन बघत होते, मधूनच टिपत होते. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं. अठ्ठावीस वर्षांत मी या माणसाचा शर्ट कधी चुरगळलेला दिसू दिला नव्हता.

"म्हणजे नोव्हेंबर दोन हजार बाराच्या आधीच ते कामाला असमर्थ होते?" रॉयसने विचारलं.

"होते," मी म्हटलं. कुणीतरी नाक शिंकरलं.

मग गॅरिटी बाई उठल्या. "मग ऑफिस कोण चालवत होतं?"

"साहेब."

"कार्डं?"

"मी लिहीत होते."

"सह्यांचा शिक्का?"

"मी मारत होते."

त्यांनी क्रॅट्झचं पत्र माझ्यापुढे धरलं. "कोपऱ्यात पेन्सिलीने एकवीस ऑक्टोबर लिहिलंय. अक्षर कुणाचं?"

आईची सवय. "माझं."

"म्हणजे चेवो लुहान निर्दोष आहे हे तुम्हाला एकवीस ऑक्टोबरला कळलं. तो सुटला दहा फेब्रुवारीला. मधल्या काळात तुम्ही काय केलंत?"

"पत्र गठ्ठ्यात तळाशी ठेवलं."

"का?"

"वर ठेवलं असतं तर साहेबांना वाईट वाटलं असतं."

मागे कुणीतरी हसलं. अंपारो पहिल्या बाकावर होती, चेवो तिच्या शेजारी. ती हसली नाही. चेवो माझ्याकडे बघतही नव्हता, हाताच्या नखांकडे बघत होता. मी त्याला इतक्या जवळून प्रथमच बघितलं. सात महिने तो याच इमारतीतल्या तुरुंगात, माझ्या टेबलापासून दोन मजले वर होता, आणि मी फक्त त्याचं नाव टाइप करत होते.

१४ मे, बुधवार

ज्यूरी चाळीस मिनिटांत परतली. आजार निवडणुकीच्या आधीपासून होता. अर्ज फेटाळला. टीग साहेब आणखी अडीच वर्षं सरकारी वकील.

म्हणजे काढून टाकता येणार नाही इतके ते आजारी आहेत. रॉयसने मला मिठी मारली. ज्यूरीतल्या एका बाईने साहेबांचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, "आम्ही आहोत हं तुमच्या पाठीशी." क्रॅट्झ रडत होते. अंपारोने कागद नीट घडी करून पिशवीत घातले आणि मुलाला घेऊन मागच्या दाराने गेली.

मी जिंकले. मला जे हवं होतं ते झालं. आजचा दिवस इतका घाणेरडा का गेला ते कळत नाही.

१९ मे, सोमवार

सकाळी मी कार्ड लिहीत होते तेवढ्यात साहेब आत आले. दाढी केलेली, डोळे लख्ख, हातात ते पिवळं पॅड.

"व्हर्लीन, त्या खटल्याचं काहीतरी करायला हवं."

माझं नाव बरोबर घेतलं. "कुठल्या, साहेब?"

"गेल्या आठवड्यातल्या, गं. ज्याला काढायचं होतं त्या म्हाताऱ्याचं जाऊ दे. त्याला घरी पाठवायला हवं होतं, ज्यूरी चुकली. मी असतो तर दहा मिनिटांत काढला असता. पण ती बाई, कार्डंवाली. पोरगं विनाकारण आत सडतंय हे ठाऊक असून पत्र दडवलं तिने. शपथेवर कबूल केलं, सगळ्यांदेखत. एवढा पुरावा समोर असताना मी गप्प बसलो, तर लोकांनी मला निवडून कशाला दिलंय?"

"वय झालंय तिचं, साहेब," मी म्हटलं. "मनात काही वाईट नव्हतं तिच्या."

"आत बसलेल्याला तिच्या मनाचं काय करायचंय? मशीन घे. लिही."

त्यांनी आरोपपत्र सांगितलं. उभ्याने, हात मागे बांधून, पूर्वी सांगायचे तसं. कलमाचा आकडा बरोबर, तारखा बरोबर, एकवीस ऑक्टोबर ते दहा फेब्रुवारी. एकदाही अडखळले नाहीत. तीन वर्षांत त्यांना असं बघितलं नव्हतं. माझे हात आपोआप चालत होते.

"नाव काय त्या बाईचं?"

"व्हर्लीन ह्रुश्का."

पापणीही लवली नाही. "चेक वंशाची दिसते," ते म्हणाले. "कामसू असतात ती माणसं. वाईट वाटतं. पण चालायचंच."

मी कागद काढून पुढे ठेवला. कुठे सही करायची ते मला दाखवावं लागलं नाही. त्यांनी पेन घेतलं आणि झोकात सही केली. मग म्हणाले, "स्वतः खाली नेऊन दे. पडून राहता कामा नये."

मी नेऊन दिला. खरंच नेऊन दिला. डॉटीने खिडकीत उभ्याउभ्या वाचला, आधी हसली, मग पुन्हा पहिल्यापासून वाचू लागली.

"हे काय, व्हर्लीन?"

"आरोपपत्र. दाखल करून घे."

"घरी जा तू. चार दिवस झोप काढ."

"सही त्यांची आहे, डॉटी. शिक्का नाही, हाताने केलेली. आणि सरकारी वकील तेच आहेत, परवाच ठरलंय कोर्टात."

"अगं बये, वेड लागलं का तुला? ते आजारी आहेत, त्यांना काय कळतंय! आणि तू आपली आहेस. आपल्या माणसावर असला कागद इथे कोण घेणार?" तिने इकडेतिकडे बघितलं, कागदाची चौघडी केली आणि खिडकीतून हात बाहेर घालून माझ्या पर्समध्ये कोंबली. वर माझा हात थोपटला. "कुणाला कळणार नाही. मी नाही सांगायची."

वर आले तर साहेब दारातच उभे. "घेतला त्यांनी?"

"घेतला, साहेब."

"शाबास."

खरं लिहायचं म्हणून वही केली, तर हेही लिहिते. डॉटीने कागद परत केला तेव्हा मला हायसं वाटलं. सगळ्यात आधी तेच वाटलं, लाज नंतर. ती चौघडी अजून पर्समध्ये आहे. खाली मी पुन्हा गेले नाही. साहेबांनी पुन्हा विचारलंही नाही.